मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना: ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका केमिस्टबाईच्या सूचना

“मॅडम, मेंदूचा एमआरआय काढला की डिप्रेशन दिसतं ना?” हा प्रश्न मला काउंटरवर इतक्यांदा विचारला जातो की आता स्ट्रिप कापता कापताच उत्तर देते: नाही दिसत. नैराश्य, बायपोलर, ओसीडी (मंत्रचळ), स्किझोफ्रेनिया, यांतल्या एकाही आजाराचं निदान अजून रक्तावरून किंवा फोटोवरून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही नवी वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत निकष आहेत ते लक्षणांचेच: काय होतंय, किती दिवस होतंय, त्यापायी नोकरी-घर किती अडलंय. म्हणजे डॉक्टरांचा सगळा भरवसा तुम्ही सांगाल त्या हकिगतीवर. ती अर्धीमुर्धी सांगितलीत तर निदानही अर्धंमुर्धंच होणार.

मी डॉक्टर नाही. डी.फार्म. करून सासऱ्यांचं दुकान चालवायला घेतलं आणि बरीच वर्षं चिठ्ठ्या वाचतेय. चिठ्ठी लिहिली जाण्याआधी आणि ती दुकानात आल्यानंतर तुम्ही काय करायचं, एवढंच सांगणार आहे. मधलं काम डॉक्टरांचं.

मग रक्त तपासायला का सांगतात? दुसरं काही नाही ना, हे बघायला. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, जाड होतो आणि घरचे म्हणतात, “हिचं मनच लागत नाही.” शुद्ध शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं नेहमीचंच, त्यानेही विसराळूपणा आणि चिडचिड येते. हिमोग्लोबिन, साखर, किडनी हेही पाहतात. ही यादी साधी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते. एमआरआय किंवा ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) सांगितलाच तर त्याला कारण असतं: फिट आली, डोक्याला मार लागला, उतारवयात पहिल्यांदाच स्वभाव पालटला. २००७ मध्ये डॉक्टरांनी एक वेगळाच आजार नीट ओळखला. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनांवरच, हल्ला करते. चांगली हसती-खेळती मुलगी काही दिवसांत भ्रमिष्टासारखं वागू लागते, मग झटके येतात, शरीर ताठ होतं. तिला न्यूरोलॉजिस्ट लागतो, मांत्रिक नाही. आणि वेळेत धरलं तर बहुतेक जण सुधारतात. अशी लक्षणं झपाट्याने आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

एक कागद तयार करा

पहिल्या भेटीत बहुतेक लोक म्हणतात, “झोप येत नाही आणि टेन्शन आहे.” एवढ्यावर झोपेची गोळी मिळते, निदान मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशी वहीचा एकच कागद घ्या. फार लिहू नका, डॉक्टर पाच पानं वाचत नाहीत.

वर तारखा. शेवटचं व्यवस्थित कधी होतं? “गणपतीपर्यंत ठीक होतो, दिवाळीनंतर ऑफिसला जाणं जीवावर यायला लागलं” असं लिहिलं तरी चालतं. सणावरून महिना कळतो. मग झोप: किती वाजता आडवे होता, डोळा कधी लागतो, किती वाजता जाग येते. पहाटे तीन-चारला जाग येऊन मग नुसतं छताकडे बघत पडणं आणि रात्री दोनपर्यंत झोपच न लागणं या वेगळ्या तक्रारी आहेत, डॉक्टर त्यांतून वेगवेगळं काढतात. मग भूक, वजन. मग कामं: काय करायचं बंद झालं? “वाईट वाटतं” यापेक्षा “स्टेशनपर्यंत जाऊन दोनदा परत आले, ८.१२ ची लोकल समोरून सोडली” हे जास्त उपयोगी.

आता जो भाग लोक हमखास गाळतात तो. याआधी कधी उलटं झालं होतं का? म्हणजे आठवडाभर झोप दोन-तीन तास आणि तरी अंगात उत्साह मावत नाही, बोलणं थांबत नाही, कर्ज काढून खरेदी, धंद्याच्या अचाट योजना, “मला काही होत नाही” असा भाव. तेव्हा तो आजार वाटत नाही, उलट घरचे खूश असतात की पोरगा कामाला लागला. पण ही गोष्ट सांगितली नाही तर बायपोलरचा रुग्ण साध्या नैराश्याचा समजला जातो. नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर काहींची गाडी थेट त्या उत्साहाच्या टोकाला जाते. हे रुग्णाला स्वतःला आठवत नसतं, म्हणून त्याच्यासोबत घरचं एक माणूस जावं. आई, बायको, भाऊ, कोणीही. फक्त रुग्णाच्या वतीने सगळं बोलणारं नको.

खाली चालू औषधं. सगळी: थायरॉइडची, बीपीची, गर्भनिरोधक, वैद्यांनी दिलेली चूर्णं, जिममधली पावडर. दारू, गुटखा, सिगारेट खरी लिहा. डॉक्टर तुमच्या सासूला सांगत नाहीत. आणि रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार होता का, कोणी जीव दिला होता का, कोणाला कोणतं औषध लागू पडलं होतं. “आत्याला लिथियमने बरं वाटलं” ही माहिती सोन्यासारखी आहे.

त्याच कागदाच्या पाठीवर पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७ पैकी. मराठीतही आहे. साधारण ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून जरा गंभीर, २० पासून तीव्र असं धरतात. चिंतेसाठी तसंच जीएडी-७. या गुणांनी निदान होत नाही, पण आजचा आकडा हातात असला की सहा आठवड्यांनी औषध लागू पडलं की नाही यावर वाद उरत नाही. मला विचाराल तर या क्षेत्रातली खरी प्रगती ही आहे: “बरं वाटतंय का?” “हो, ठीक” या संवादाच्या जागी आकडा आला. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यापुढे शून्याखेरीज काहीही आलं तर ते डॉक्टरांना तोंडी सांगा, कागदावर राहू देऊ नका.

कुठे जायचं

मुंबईकर चेष्टेने म्हणतात, “याला ठाण्याला पाठवा.” ठाण्यात राहून हे ऐकत आपण मोठे झालो, आणि त्यापायी कितीतरी लोक त्या फाटकातून आत जायला लाजतात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ चं, राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी जाऊन, डॉक्टरांना दाखवून, औषधं घेऊन दुपारी घरी येता येतं. भरती व्हायलाच हवं असं काही नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. रांग मात्र असते. डबा आणि पाण्याची बाटली न्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं, तिथेही मानसोपचार विभाग आहे. नवी मुंबईकरांनी वाशीच्या महापालिका रुग्णालयात चौकशी करावी.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था बहुतेकांना माहीत आहे. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विचार बदलून भावना सावरायची पद्धत, जी मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली, ती ठाणेकरांच्या कानावर पडली त्यात या संस्थेचा वाटा मोठा.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांत गल्लत करू नका. पहिला एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, तोच औषध लिहितो. दुसरा बोलून उपचार करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते, नंबर विचारायला संकोचू नका. पाटीवर नुसतं “माइंड कोच” असेल तर पुढे चला. ओसीडीला तर खास विचारा: “ईआरपी करता का?” हात धुवायची ऊर्मी आली तरी न धुता बसून राहण्याचा हा पायरीपायरीचा सराव आहे. नुसत्या समुपदेशनाच्या गप्पांनी ओसीडी हलत नाही.

आज कुठेच जाता येत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

चिठ्ठी दुकानात आल्यावर

इथे मी थोडी लांबण लावणार, कारण उपचार फसतात ते बहुतेक इथे.

सेर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन अशा नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो: मळमळ, डोकं जड, उगीच बेचैनी. त्यामुळे चौथ्या दिवशी माणूस म्हणतो, “गोळी बाधली,” आणि अर्धी स्ट्रिप परत करायला येतो. (कापलेली स्ट्रिप परत घेत नाही, विचारूही नका.) हा त्रास बहुधा ओसरतो. जेवणानंतर घ्या, डॉक्टरांना फोन करा, पण आपलं आपण बंद करू नका. रुग्ण पंचविशीच्या आतला असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. या वयात सुरुवातीला बेचैनी वाढून जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात.

बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर जास्त. थांबवायचं तेव्हा डोस उतरवत उतरवत. एकदम सोडलं की चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड होते आणि लोकांना वाटतं, “बघा, सवय लागली.” सवय लागते ती दुसऱ्या जातीच्या, गुंगीच्या गोळ्यांची, आणि तीच लोक विनाचिठ्ठी मागतात.

तुमची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. बऱ्याच स्ट्रिपांवर दोन नावं सापडतील: एस्सिटालोप्रॅम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. एकाच गोळीत दोन औषधं. पहिलं वर्षभर घेतलं तरी हरकत नसते. दुसरं गुंगीचं, ते सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं असतं, पण गोळी एकच असल्याने तेही वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. एक निवृत्त बँकवाले काका अशीच गोळी कित्येक वर्षं “गॅसची” म्हणून घेत होते. कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली. ती एकदम थांबवणंही धोक्याचं, फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा: “यातली गुंगीची गोळी किती दिवस?” आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या अशाच गुंगीच्या-झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठी बघून तुमचं आणि डॉक्टरांचं नाव मला रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. त्यावरून माझ्याशी भांडू नका. व्हॉट्सअॅपवरचा दोन वर्षांपूर्वीचा चिठ्ठीचा फोटो चालत नाही.

कंपनी बदलली तर? स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव (आम्ही त्याला “सॉल्ट” म्हणतो) आणि मिलिग्रॅम तेच असतील तर घाबरू नका. जनऔषधी केंद्रात यांतली बरीच औषधं खूप स्वस्त मिळतात. मात्र नावापुढे एसआर, सीआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असली तर तीही जुळायला हवीत. ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, तिच्याऐवजी साधी घेऊ नका आणि चुरून तर मुळीच नको.

लिथियमवाल्यांसाठी वेगळं. १९४९ मध्ये जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला, आणि इतकं जुनं असूनही बायपोलरमध्ये त्याचा दबदबा टिकून आहे. पण त्याचा गुण आणि त्याचं विष यांत अंतर थोडं, म्हणून रक्तातली पातळी मोजतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं: रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला लॅबमध्ये, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. लॅबवाला हे विचारेलच असं नाही, तुम्ही सांगा. पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात. किडनी आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी अधूनमधून. कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मागायला आलात तर आधी “लिथियम चालू आहे” म्हणा. या गोळ्यांनी पातळी चढते, बीपीच्या काही गोळ्यांनीही. घाम गाळून पाणी न पिणं, जुलाब, यानेही तेच. हरतालिकेचा निर्जळी उपास लिथियमवर असताना करायचा नाही, देवाला चालतं. हात जास्त थरथरायला लागले, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरचं ओलान्झापिन सुरू होत असेल तर पहिल्याच दिवशी वजन आणि साखर लिहून ठेवा, दोन्ही वाढतात. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियात दोन वेगळी औषधं फसल्यावर देतात, आणि तिथे ते खरंच वेगळं काम करतं. पण पांढऱ्या पेशी घटण्याची भीती असते, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी), पुढे अंतर वाढवून. त्यात घसा दुखून ताप आला तर क्रोसिन घेऊन घरी बसू नका, आधी सीबीसी. आणि सिगारेट एकदम सोडणार असाल तर डॉक्टरांना सांगून सोडा, धूर थांबला की क्लोझापिनची रक्तातली पातळी वर जाते. बाळ हवं असलेल्या वयातल्या मुलींनी बायपोलरमध्ये देतात त्या व्हॅल्प्रोएटबद्दल स्पष्ट विचारावं, पोटातल्या बाळाला त्याचा धोका मोठा आहे. रोजची गोळी ज्यांच्या घरी रोजचं भांडण होते त्यांच्यासाठी महिन्याचं इंजेक्शन आहे, काही औषधांत तीन महिन्यांचंही. याबद्दल विचारायला लोक उगीच बिचकतात.

नवीन उपचार: काय विचाराल

दोन औषधं पुऱ्या डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही नैराश्य हटत नसेल तर डॉक्टर पुढचं बोलतात. आरटीएमएस म्हणजे डोक्याला चुंबकीय कॉइल लावून मेंदूच्या ठरावीक भागाला ठोके देणं. भूल नाही, शुद्ध हरपत नाही, टकटक आवाज येतो म्हणून कानात बोळे देतात. अमेरिकेत २००८ मध्ये नैराश्यासाठी मंजूर झालं. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. पूर्वी एका बैठकीला जवळपास पाऊण तास लागे. थीटा बर्स्ट नावाच्या पद्धतीत तीन मिनिटांत होतं. तुम्ही मात्र हिशेब प्रवासाचा करा: कासारवडवलीहून घोडबंदर रोडने रोज येणं महिनाभर जमणार आहे का? अर्धवट सोडून पैसे वाया घालवण्यापेक्षा आधीच विचार करा. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर आधी सांगा.

केटामाइन हे जुनं भुलीचं औषध. कमी डोसात नैराश्य काही तासांत हलकं करतं, पण परिणाम लवकर ओसरतो. त्याच्याच भावंडाचा, एस्केटामाइनचा, नाकातला फवारा अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला. तोही दवाखान्यातच घ्यायचा आणि दोन तास देखरेखीखाली बसायचं. घरी इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याला दार दाखवा. शॉक म्हणजे ईसीटी, त्याचं नाव सिनेमांनी घालवलं. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला कायद्यानेच बंदी आहे. जेवणखाण सोडलेल्या, जिवावर उदार झालेल्या रुग्णाला त्यासारखा जलद उपाय दुसरा नाही. काही काळाच्या आठवणी पुसट होतात, ते आधी विचारून घ्या.

लाळेवरून “तुम्हाला कुठलं औषध लागू पडेल” सांगणाऱ्या जनुक चाचण्यांच्या जाहिराती येतात. सीवायपी२डी६, सीवायपी२सी१९ ही जनुकं यकृत औषध भरभर पचवतं की सावकाश हे सांगतात, गुण येईल की नाही हे नाही. पहिल्याच चिठ्ठीला हा खर्च मी तरी करणार नाही. तीन औषधांनी विचित्र त्रास झाला असेल तर डॉक्टरांशी बोला. आणि स्किझोफ्रेनियाच्या नव्या औषधाची बातमी दाखवणाऱ्यांसाठी: झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, जुन्या औषधांसारखं मेंदूतलं डोपामाइन हे रसायन थेट न अडवता काम करतं, बातमी खरी आहे. पण तिकडे मंजूर झालं म्हणून ते लगेच गोखले रोडवर मिळत नाही, आणि त्या आशेवर चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत.

वेळ बिकट आली तर

कोणी मरणाची भाषा करत असेल तर घरातला औषधाचा डबा कुलपात ठेवा, आजोबांच्या गोळ्यांसकट. मला येऊन सांगा, मी महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या देईन. कुठलाही केमिस्ट देईल. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच मानतं. याच कायद्याने तुम्ही बरे असताना आगाऊ लिहून ठेवू शकता की आजार बळावल्यावर कुठले उपचार चालतील, कुठले नाही आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं. बायपोलरवाल्यांनी हे जरूर करावं.

विम्याचं: शारीरिक आजाराला देता तसाच मानसिक आजारालाही विमा द्या, असं हा कायदा कंपन्यांना सांगतो. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, बाहेरची फी आणि गोळ्या खिशातूनच. एजंट “मेंटल कव्हर होत नाही” म्हणाला तर नकार लेखी मागा. लेखी मिळाला तर कंपनीकडे तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा. बिलं माझ्याकडून पक्की घ्या, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि रुग्णाचं पूर्ण नाव असलेली. “मेडिसिन” एवढंच लिहिलेलं बिल तिथे चालत नाही.